टर्मिनल कोणते, हे कोण ठरवते?

प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंगच्या फायली, मदतीची पाने आणि त्याच्याविषयीची नोंद एकत्र बांधून जो गठ्ठा तयार होतो, त्याला लिनक्सच्या जगात पॅकेज म्हणतात. पॅकेज क्वचितच स्वयंपूर्ण असते. टर्मिनलचा प्रोग्रॅम अक्षरे रेखाटण्यासाठी एका लायब्ररीवर विसंबतो, खिडकी उघडण्यासाठी दुसऱ्या, आणि त्या दोन्ही आणखी कशावर तरी. ही गरज पॅकेजच्या नोंदीत लिहिलेली असते आणि तिला डिपेंडन्सी म्हणतात. नोंद लिहिण्याचे काम पॅकेजची देखभाल करणाऱ्या मेंटेनरचे. वापरकर्ता ती सहसा उघडून पाहत नाही. मात्र त्याच्या संगणकावर काय येणार, त्यातले काय काढता येणार आणि एखादी कळ दाबल्यावर कोणता प्रोग्रॅम समोर येणार, हे बऱ्याच अंशी त्या नोंदीतले दोन-चार शब्द ठरवतात.

हे शब्द सर्वांत काटेकोरपणे ठरवले गेले ते डेबियनमध्ये. इयन मरडॉक यांनी 1993 च्या ऑगस्टमध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्याचे डीपीकेजी हे साधन पॅकेज बसवत असे आणि डिपेंडन्सी पुरी होत नसेल तर अडून बसत असे. राहिलेले पॅकेज शोधून आणणे मात्र माणसाकडेच होते. ते काम एपीटी या साधनाने अंगावर घेतले. 1999 मधल्या डेबियन 2.1 सोबत ते लोकांच्या हाती आले. तेव्हापासून एक पॅकेज मागावे आणि त्याचा सगळा गोतावळा आपोआप यावा, ही रीत रूढ झाली. सोय मोठी होती, आणि तिच्यासोबत निर्णयाची जागाही बदलली. पूर्वी जे माणूस स्वतः आणत होता, ते आता नोंदीच्या शब्दांवरून येऊ लागले.

त्यातला कडक शब्द ‘डिपेंड्स’. ज्याच्यावाचून पॅकेजचे मुख्य काम चालतच नाही, तेच या सदरात लिहायचे. त्याखालोखाल ‘रेकमेंड्स’ म्हणजे शिफारस. अपवाद सोडले तर जे सोबत असायलाच हवे, पण ज्याच्यावाचून प्रोग्रॅम बंद पडत नाही, ते इथे. ‘सजेस्ट्स’ हे सर्वांत सौम्य: सोबत असले तर उपयोग होईल, नसले तरी बिघडत नाही. ‘कॉन्फ्लिक्ट्स’ आणि ‘ब्रेक्स’ ही सदरे उलट दिशेची. कोणासोबत नांदता येत नाही ते त्यांत लिहितात. डिपेंड्स आणि रेकमेंड्स यांतला फरक कागदावर बारीक वाटतो, व्यवहारात तो फार मोठा आहे. शिफारस नाकारता येते. डिपेंड्स नाकारायचे तर मूळ पॅकेजवरच पाणी सोडावे लागते.

2009 मध्ये आलेल्या डेबियन 5.0 पासून एपीटी शिफारस केलेली पॅकेजेही न विचारता बसवू लागले. ज्याला ती नको असतील त्याने आज्ञेसोबत तसा पर्याय द्यायचा किंवा सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहायची. सामान्य वापरकर्त्याला भरलेले ताट मिळावे आणि जाणत्याला नको ते काढता यावे, असा त्यामागचा विचार होता. तो योग्यच होता, पण त्यामुळे मेंटेनरची जबाबदारी वाढली. रेकमेंड्सने काम भागत असताना डिपेंड्स लिहिण्याचे कारण आता उरले नाही. रेड हॅटच्या आरपीएम पद्धतीत अशी मवाळ नाती मुख्य आवृत्तीत 2014 साली, 4.12 सोबत आली. तोवर तिथे एक तर सक्ती होती किंवा मौन. आर्च लिनक्समध्ये ऐच्छिक पॅकेजांची यादी फक्त दाखवली जाते. ती बसवायची की नाही हे माणसावर सोडलेले असते.

शब्द कडक झाला की काय होते, याचे चांगले उदाहरण 2012 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे आले. ग्नोम या डेस्कटॉपसाठी डेबियनमध्ये मेटापॅकेज असते. त्याच्यात स्वतःचा प्रोग्रॅम काहीच नसतो, फक्त इतर पॅकेजांची यादी असते. ते बसवले की सगळा डेस्कटॉप येतो. आधीच्या आवृत्तीत या यादीने नेटवर्कची जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्क-मॅनेजरची फक्त शिफारस केली होती. तयार होत असलेल्या नव्या आवृत्तीत ‘ग्नोम-कोअर’ या मेटापॅकेजने ते नाते डिपेंड्सवर नेले. ज्यांनी नेटवर्कची व्यवस्था वेगळ्या साधनाने लावली होती आणि नेटवर्क-मॅनेजर मुद्दाम काढून टाकला होता, त्यांच्या यंत्रावर आवृत्ती बदलताच तो परत येऊन बसणार होता. मेंटेनरांच्या मते त्याच्याशिवाय ग्नोम अपुरे राहत होते. समितीने मेंटेनरांचा निर्णय फिरवला आणि शिफारस पुरेशी असल्याचे ठरवले. मेंटेनरच्या अधिकारात समिती सहजी हात घालत नाही, म्हणून हा निर्णय महत्त्वाचा. वापरकर्त्याने जाणून केलेली निवड आवृत्तीबदलातही टिकली पाहिजे, हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले.

मेटापॅकेजमुळे आणखी एक गोंधळ होतो. डेस्कटॉपसोबत आलेला एखादा प्रोग्रॅम नको म्हणून काढायला जावे, तर एपीटी सांगते की मेटापॅकेजही जाईल. वाचणाऱ्याला वाटते सगळा डेस्कटॉपच चालला. प्रत्यक्षात त्या क्षणी एक रिकामे पॅकेज जाते, बाकी सारे जागेवर राहते. धोका पुढच्या पायरीवर असतो. माणसाने स्वतः मागितलेले कोणते आणि इतरांच्या ओढीने आलेले कोणते, याची खूण एपीटी ठेवते. मागणारे मेटापॅकेज गेले की त्याच्या ओढीने आलेली पॅकेजे निराधार ठरू शकतात आणि ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा ती काढायला घेते. त्यामुळे ऑटोरिमूव्हची यादी होकार देण्यापूर्वी वाचलीच पाहिजे, आणि त्यातले जे हवे ते ‘एपीटी-मार्क’ने हाताने मागितलेले म्हणून नोंदवून टाकावे.

आता टर्मिनलकडे. टर्मिनल हा शब्द आला खऱ्या यंत्रावरून. 1978 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी100 बाजारात आणले: पडदा, कीबोर्ड, आणि पडद्यावर 24 ओळी, प्रत्येकीत 80 रकाने. संगणक दूर कुठेतरी असे. 1984 मध्ये मार्क व्हँडव्हुर्ड यांनी या घराण्यातल्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो पुढे एक्स विंडो प्रणालीचा भाग होऊन एक्सटर्म नावाने प्रसिद्ध झाला आणि आजही वापरात आहे. नंतर ग्नोम टर्मिनल, केडीईचे कन्सोल, एक्सएफसीईचे टर्मिनल, टर्मिनेटर, किटी असे कितीतरी आले. सगळ्यांचे काम एकच: खिडकी उघडायची आणि तिच्यात आज्ञा चालवायची.

इथे मेंटेनरपुढे अडचण उभी राहते. समजा एखाद्या फाइल-व्यवस्थापकात ‘इथे टर्मिनल उघडा’ अशी सोय आहे. त्याला टर्मिनल हवे, पण कोणते? नोंदीत एक्सटर्म लिहिले तर ग्नोम टर्मिनल वापरणाऱ्यावर एक्सटर्म लादला जातो. बारा टर्मिनलांची नावे पर्याय म्हणून लिहिली तर तेरावे आल्यावर नोंद शिळी होते. यावर डेबियनने काढलेला तोडगा म्हणजे आभासी पॅकेज. ‘एक्स-टर्मिनल-एम्युलेटर’ नावाचे पॅकेज कुठेच अस्तित्वात नाही. ते एका कामाचे नाव आहे. प्रत्येक टर्मिनल आपल्या नोंदीत ‘प्रोव्हाइड्स’ या सदरात जाहीर करते की हे काम मी करतो. मागणाऱ्याने फक्त कामाचे नाव लिहायचे. रिकाम्या यंत्रावर एपीटीने काय आणावे हेही सांगता यावे, म्हणून आधी एक खरे नाव आणि मग आभासी नाव असे लिहिण्याची पद्धत आहे: ‘एक्सटर्म किंवा एक्स-टर्मिनल-एम्युलेटर’. यंत्रावर कोणतेही टर्मिनल असेल तर नवे काही येत नाही. काहीच नसेल तर एक्सटर्म येतो. क्रम उलटा लिहिला किंवा खरे नाव गाळले तर कोणते टर्मिनल येईल याचा भरवसा राहत नाही.

नुसते नाव सांगून भागत नाही. जो हे काम करतो म्हणतो, त्याला ते ठरलेल्या पद्धतीनेच करता आले पाहिजे. म्हणून डेबियनच्या धोरणग्रंथात तीन अटी आहेत. टर्मिनलने व्हीटी100 किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या यंत्राची नक्कल करावी. ‘ई’ पर्यायानंतर आलेली आज्ञा नव्या खिडकीत चालवावी. आणि मोठ्या ‘टी’ पर्यायाने खिडकीला शीर्षक देता यावे. दुसऱ्या अटीत एक बारकावा दडला आहे. एक्सटर्म ‘ई’ नंतरचे सगळे शब्द जसेच्या तसे आज्ञा म्हणून घेतो. ग्नोम टर्मिनलचा ‘ई’ मात्र फक्त एकच शब्द घेत असे, म्हणजे सगळी आज्ञा अवतरणात बांधून द्यावी लागे. फाइलच्या नावात जागा सोडलेली असली की एका टर्मिनलमध्ये चालणारी आज्ञा दुसऱ्यात मोडून पडे. डेबियनने यासाठी पर्ल भाषेत एक छोटा दुभाष्या लिहिला. तो एक्सटर्मच्या पद्धतीचे पर्याय घेतो, ग्नोम टर्मिनलला समजतील असे करतो आणि पुढे देतो. एक्स-टर्मिनल-एम्युलेटर म्हणून नोंद झाली ती ग्नोम टर्मिनलची नव्हे, या दुभाष्याची. दिसायला हा क्षुल्लक प्रोग्रॅम. पण तो नसता तर ‘कोणतेही टर्मिनल चालेल’ हे वाक्य खोटे ठरले असते.

आभासी पॅकेजमुळे यंत्रावर एक तरी टर्मिनल असल्याची खात्री होते. तीन असतील तर उघडायचे कोणते, हा प्रश्न मात्र त्याच्या कक्षेबाहेरचा. तो ‘अल्टरनेटिव्ह्ज’ या वेगळ्या यंत्रणेकडे जातो. प्रोग्रॅमच्या फोल्डरात एक्स-टर्मिनल-एम्युलेटर नावाची एक जोडफाइल असते. ती स्वतः प्रोग्रॅम नसते, ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘अल्टरनेटिव्ह्ज’ या उपफोल्डरातील दुसऱ्या जोडफाइलकडे बोट दाखवते, आणि ती दुसरी खऱ्या प्रोग्रॅमकडे. अशी दोन टप्प्यांची रचना का केली याचे कारण सरळ आहे. प्रोग्रॅमचे फोल्डर पॅकेज-व्यवस्थेच्या ताब्यात असते, ‘ईटीसी’ हे प्रशासकाच्या निर्णयांचे घर. निर्णय त्याच्या घरातच नोंदवला जातो.

प्रत्येक टर्मिनल नोंदणीच्या वेळी एक प्राधान्यांक देते. डेबियनमध्ये एक्सटर्मचा 20, ग्नोम टर्मिनलच्या दुभाष्याचा 40, टर्मिनेटरचा 50. यंत्रणा स्वयंचलित स्थितीत असेल तर सर्वांत मोठ्या अंकाचा प्रोग्रॅम निवडते. म्हणजे ग्नोम टर्मिनल वापरणाऱ्याने सहज पाहण्यासाठी टर्मिनेटर बसवला, की डीफॉल्ट टर्मिनल न विचारता बदलते. ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ ही आज्ञा ‘कॉन्फिग’ पर्यायासह आणि कामाचे नाव देऊन चालवली की यादी समोर येते. चालू निवडीपुढे तारा असतो, शून्य क्रमांक स्वयंचलित स्थितीचा, आणि पुढचे क्रमांक एकेका टर्मिनलचे. माणसाने एक क्रमांक टाइप केला की स्थिती ‘मॅन्युअल’ होते. त्यानंतर कितीही मोठ्या अंकाचे पॅकेज आले तरी यंत्रणा त्या निवडीला हात लावत नाही. निवडलेला प्रोग्रॅमच काढून टाकला तर ती पुन्हा स्वयंचलित होते. माणसाच्या निवडीला हात न लावण्याचा हा नियम या सगळ्या रचनेतला सर्वांत चांगला आहे. रेड हॅटच्या परिवारानेही अल्टरनेटिव्ह्जची कल्पना उचलली, म्हणून हे साधन तिथेही भेटते.

मजकूर लिहिण्याचा एडिटर आणि लांब मजकूर पानापानाने दाखवणारा पेजर यांचीही हीच गोष्ट. डेबियनवर नव्याने आलेल्या माणसाला पडणारे एक कोडे इथे सुटते: विम हा एडिटर बसवला, तरी प्रणालीच्या आज्ञा नॅनो हा दुसरा एडिटरच का उघडतात? नॅनोचा प्राधान्यांक 40, विमचा 30. विमचे अनुभवी वापरकर्ते नाराज होतात, पण अंक लावणाऱ्यांनी नवख्याचा विचार केला. नॅनोमधून बाहेर कसे पडायचे हे पडद्याच्या तळाशीच लिहिलेले असते. विममध्ये ते आधीच माहीत असावे लागते. ज्याला विम हवा त्याला निवड बदलता येते, आणि तीही दोन पातळ्यांवर. अल्टरनेटिव्ह्जमधला बदल साऱ्या यंत्राला लागू होतो आणि त्याला प्रशासकाचा अधिकार लागतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकच यंत्र तीस विद्यार्थी वापरत असतील तर एकाची आवड सगळ्यांवर लादणे बरे नव्हे. म्हणून ‘एडिटर’ आणि ‘पेजर’ ही नावे धारण करणारी पर्यावरण-चले असतात. विद्यार्थ्याने आपल्या शेलच्या सेटिंगमध्ये ‘एडिटर’ची किंमत विम लिहिली की त्याच्यापुरता विम उघडतो. एडिटर उघडणाऱ्या प्रोग्रॅमने आधी हे चल पाहावे आणि ते रिकामे असेल तरच यंत्राच्या डीफॉल्टकडे वळावे, असे डेबियनचे धोरण सांगते.

टर्मिनलच्या बाबतीत हा वैयक्तिक स्तर बरीच वर्षे कच्चा राहिला. डेस्कटॉपच्या मेनूतल्या प्रत्येक प्रोग्रॅमची एक नोंदफाइल असते आणि तिच्यात ‘याला टर्मिनल लागते’ एवढे लिहिण्याची सोय आहे. कोणते टर्मिनल, हे ठरवण्याचा सर्वमान्य नियम मात्र नव्हता. केडीई आणि एक्सएफसीई या डेस्कटॉपांनी आपापल्या सेटिंगच्या पडद्यावर टर्मिनल निवडण्याची जागा दिली. ग्नोम ज्या जीलिब लायब्ररीवर उभे आहे, तिच्यात तर टर्मिनलांच्या नावांची ठरीव यादीच लिहिलेली होती. वरून खाली पाहत जायचे आणि जे पहिले सापडेल ते उघडायचे. यादीत नसलेले टर्मिनल वापरणाऱ्याला त्यात जागा नव्हती. पॅकेजच्या नोंदीतून जी चूक डेबियनने बाहेर काढली होती, तीच इथे प्रोग्रॅमच्या आत येऊन बसली होती: कामाऐवजी प्रोग्रॅमचे नाव.

यावर ‘एक्सडीजी-टर्मिनल-एक्झेक’ हा प्रस्ताव आणि त्याच नावाचा छोटा प्रोग्रॅम पुढे आला आहे. वापरकर्त्याने आपल्या कॉन्फिग फोल्डरात एका साध्या फायलीत पसंतीच्या क्रमाने टर्मिनलांची नावे लिहायची. ग्नोमसाठी वेगळी आणि इतरत्र वेगळी यादीही ठेवता येते. अलीकडची जीलिब आपली ठरीव यादी चाळण्याआधी हा प्रोग्रॅम शोधते. इथे प्रशासकाचा अधिकार लागत नाही आणि शेजारच्या वापरकर्त्याला त्रास होत नाही.

‘किंवा’ आणि ‘चालत नाही’ हे दोन्ही शब्द नोंदीत आले की एपीटीचे काम किती अवघड होते, याचाही उल्लेख हवा. 2023 च्या डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. त्यांतून एकमेकांना चालणारा संच निवडणे हा गणिताच्या भाषेत ‘एनपी-कम्प्लीट’ प्रश्न आहे, हे युरोपातील ईडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे सगळ्याच परिस्थितींत झटपट उत्तर देईल अशी रीत कोणाला माहीत नाही. रोजच्या वापरात प्रश्न सहज सुटतात, कारण बहुतेक नोंदी शहाणपणाने लिहिलेल्या असतात. तरीही कधी एपीटी नको असलेला मार्ग सुचवते, तेव्हा ‘होय’ म्हणण्याआधी यादी वाचणे हाच उपाय. अगदीच गरज पडली तर ‘इक्विव्ह्स’ या साधनाने एक रिकामे पॅकेज तयार करून ‘हे काम माझ्याकडे आहे’ असे एपीटीला सांगता येते. ते जाणकारानेच करावे, कारण नंतर ती हमी पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

एक डिपेंडन्सी मात्र कोणत्याच पॅकेज-व्यवस्थेला दिसत नाही. टर्मिनल आपली ओळख ‘टर्म’ नावाच्या चलातून देते आणि आत चाललेला प्रोग्रॅम त्या नावाची माहिती टर्मइन्फोच्या कोशात शोधतो. डेबियनमध्ये नेहमीची मोजकी टर्मिनले ‘एनकर्सेस-बेस’ या अत्यावश्यक पॅकेजात असतात, इतर बरीच ‘एनकर्सेस-टर्म’मध्ये. किटी आपली ओळख ‘एक्सटर्म-किटी’ अशी सांगते. किटीतून एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेल्यावर तिथल्या कोशात हे नाव नसेल, तर प्रोग्रॅम टर्मिनल अनोळखी असल्याची तक्रार करून थांबतो. इथे निवड झाली एका यंत्रावर आणि तिची गरज निर्माण झाली दुसऱ्यावर. सर्व्हरवर ती नोंद बसवणे, हा यावरचा खरा इलाज.

देवनागरी वाचणाऱ्याला टर्मिनलची निवड आवडीपुरती नसते. व्हीटी100 पासून आलेल्या चौकटींच्या रचनेत प्रत्येक अक्षराला एक घर मिळते. लॅटिन लिपीला ते पुरते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी त्याच्या आधी. जोडाक्षराची रुंदी तर फॉन्टवर अवलंबून. एक्सटर्म अक्षरांची अशी फेरमांडणी करत नाही, त्यामुळे ‘किती’ या शब्दातली पहिली वेलांटी कच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. केडीईचे कन्सोल त्यापेक्षा बरे चित्र देते. ‘एमएलटर्म’ हे बहुभाषिक टर्मिनल तर अशा लिप्या डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिले गेले आणि भारतीय लिप्यांची मांडणी त्याला जमते. मराठी फायली, मराठी फाइलनावे किंवा मराठी शब्दसंग्रहावर टर्मिनलमधून काम करणाऱ्यांनी ते एकदा तरी बसवून पाहावे. डेबियनमध्ये आणि डेबियनवर उभारलेल्या उबुंटूमध्ये ते उपलब्ध आहे. बसवल्यावर अपडेट-अल्टरनेटिव्ह्जच्या यादीतून त्याचा क्रमांक निवडावा, म्हणजे स्थिती मॅन्युअल होते आणि पुढे एखाद्या डिपेंडन्सीपायी दुसरे टर्मिनल यंत्रावर आले तरी ही निवड बदलत नाही.